अपडेट सर्व्हरची ड्राइव्ह भरली आहे. कंटेंट फोल्डरमधल्या दोन वर्षांपेक्षा जुन्या फाइल्स हाताने डिलीट केल्या तर चालतं का?

नाही चालत. सर्व्हर तुमचा, ॲडमिनचे राइट्स तुमचे, तेव्हा अडवणारं कुणी नाही. तरी नाही. खरं तर हा प्रश्न सोडून पुढे जाणार होतो, पण 'दोन वर्षांपेक्षा जुन्या' हे वाचलं आणि राहवेना. एका जुन्या नोकरीत आमच्या मॅनेजरसाहेबांनी हेच सूत्र लावलं होतं आणि त्यावरून आमची जी जुंपली ती शेवटपर्यंत मिटली नाही.

डब्ल्यूससचा (विंडोजची अपडेट्स एकदाच उतरवून ऑफिसातल्या मशीन्सना वाटणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) एकच सर्व्हर, कंटेंट वेगळ्या ड्राइव्हवर, आणि ड्राइव्हची पट्टी लाल. साहेबांनी स्वतः लॉगिन केलं. डब्ल्यूससकंटेंट उघडलं की काय दिसतं ते तुम्ही पाहिलंच असेल: दोन-दोन अक्षरी फोल्डर्स, आत चाळीस अक्षरी हॅशच्या, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या, नावाच्या फाइल्स. नावावरून कुठली फाइल कुठल्या अपडेटची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्या अख्ख्या खिडकीत साहेबांना कळण्यासारखी एकच गोष्ट होती, तारीख. सर्चमध्ये सगळं एकत्र काढलं, तारखेच्या कॉलमवर क्लिक केलं आणि खालपासून सिलेक्ट करत सुटले. मी मागून म्हणालो, "साहेब, इथे जुनी फाइल म्हणजे निकामी फाइल असं नसतं." उत्तर आलं, "अरे, इतके जुने पॅच आता कोण लावतंय?" आणि शिफ्ट-डिलीट.

आता बघा, विंडोजची महिन्याची अपडेट्स क्युम्युलेटिव्ह असतात, म्हणजे मागचं सगळं पोटात घेऊन येतात. नवं आलं की मागचं बाद. म्हणजे गेल्याच महिन्यात उतरवलेली भलीमोठी फाइल आज कचरा असू शकते. उलट चार वर्षांपूर्वीचं एखादं छोटंसं ऑफिसचं अपडेट, ज्याची जागा घेणारं दुसरं अजून आलेलंच नाही, ते नव्याने फॉरमॅट केलेल्या मशीनला आजही लागतं. तारखेने चाळणी लावली की कामाचं जातं आणि कचरा राहतो.

झालंही तसंच. फाइल गेली तरी डेटाबेसला, म्हणजे एसयूएसडीबीला, त्याचा पत्ता नसतो. क्लायंटला, म्हणजे अपडेट घेणाऱ्या मशीनला, सांगितलं जातं की अपडेट आहे, घे. तो मागायला जातो आणि आयआयएस (फाइल्स देणारा विंडोजचा वेब सर्व्हर) '४०४, फाइल नाही' असं तोंडावर मारतं. फोन सुरू झाले. मग साहेबांनीच कुठेतरी वाचून डब्ल्यूससयुटिल रीसेट ही कमांड चालवली. रीसेट काय करतं? डेटाबेसमध्ये अप्रूव्ह (मशीन्सना द्यायला मंजूर) असलेल्या प्रत्येक अपडेटची फाइल जागेवर आहे का बघतं आणि नसेल ती पुन्हा उतरवतं. आमच्याकडे मागची सगळी बाद झालेली अपडेट्ससुद्धा अप्रूव्हच होती. त्यामुळे उडवलेलं जवळपास सगळं परत आलं, त्या नादात ऑफिसची लाइन चोक झाली आणि पट्टी पुन्हा लाल. वर मेल आला, सगळ्यांना सीसी: टीम वेळच्या वेळी क्लीनअप करत नाही, डिस्क वाढवून घ्यावी.

टीम क्लीनअप करत होती. मीच डब्ल्यूससचा क्लीनअप विझार्ड चालवायचो. पण विझार्ड सुपरसीडेड (ज्याची जागा नव्याने घेतली असं) अपडेट तेव्हाच डिक्लाइन, म्हणजे नामंजूर, करतो, जेव्हा ते ३० दिवस अप्रूव्ह नसतं, कुठल्याही क्लायंटला लागत नसतं आणि त्याच्या जागी आलेलं अपडेट अप्रूव्ह असतं. आमच्याकडे ऑटो-अप्रूव्हलचा नियम सगळ्यालाच लागू, ड्रायव्हर्ससकट. तोही साहेबांच्याच आग्रहाने, रिपोर्ट हिरवा दिसावा म्हणून. अप्रूव्ह केलेल्याला विझार्ड हात लावत नाही, मग जागा कुठून निघणार? हे मी तेव्हाही लिहून दिलं होतं.

तेव्हा तुम्ही असं करा. आधी एसयूएसडीबीचा बॅकअप. मग कन्सोलमध्ये 'डिक्लाइन सोडून सगळी' असा फिल्टर लावा, कॉलमच्या हेडरवर राइट-क्लिक करून सुपरसीडन्सचा कॉलम चालू करा आणि ज्यांच्या जागी नवं आलंय ती निवडून डिक्लाइन करा. त्याआधी नवं अपडेट अप्रूव्ह झालंय आणि मशीन्सवर पोचलंय एवढं बघून घ्या, नाहीतर मधल्यामधे काही मशीन्स उघडी पडतील. नुसतं डिक्लाइन करून एक एमबीसुद्धा सुटत नाही. त्यानंतर विझार्डमधलं 'नको असलेल्या अपडेट फाइल्स' चालवलं की जागा सुटते.

विझार्ड वर्षानुवर्षं चालवलाच नसेल तर तो बहुतेक टाइमआउट होऊन पडेल. घाबरू नका. जुन्या अपडेट्सची सफाई एकेक रेकॉर्ड काढत चालते, त्यामुळे पुन्हा सुरू केली की उरलेल्यावर लागते. ती पॉवरशेलमधून वेगळी चालवा, आधी डेटाबेसचं री-इंडेक्सिंग (त्याची अनुक्रमणिका नव्याने बांधणं) करा आणि आयआयएसमध्ये डब्ल्यूससपूलची (डब्ल्यूससची वेब सेवा ज्यात चालते त्या पूलची) मेमरी मर्यादा वाढवा. मुळात ती १८४३२०० केबी असते, जुन्या फुगलेल्या सर्व्हरला पुरत नाही.

भाषा किती निवडल्यात तेही बघा. एक्स्प्रेस इन्स्टॉलेशन फाइल्सची टिक असेल तर काढा, ती क्लायंटचं डाउनलोड वाचवते आणि सर्व्हरची डिस्क खाते.

तुमची भरलेली ड्राइव्ह कंटेंटची आहे की सी, हे प्रश्नातून कळत नाही. सी असेल तर खेळच वेगळा. विंडोज इंटर्नल डेटाबेस (विंडोज सर्व्हरसोबतच येणारा) घेतला असेल तर एसयूएसडीबी तिथेच विंडोज फोल्डरच्या आत बसते, आणि शेजारी इनेटपबमध्ये आयआयएसचे लॉग मुकाट साठत असतात. तारीख बघून हाताने उडवायची हौस असेल तर ती त्या लॉगवर भागवा, कुणाचं काही अडणार नाही.

अजून दोन गोष्टी राहिल्या. सर्व्हरची उतरंड असेल तर सफाई सगळ्यात खालच्या सर्व्हरपासून वर करत न्यायची, उलटी नाही. आणि कॉन्फिगरेशन मॅनेजर (मशीन्सचा मोठा ताफा सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरत असाल तर अप्रूव्हलबद्दल मी जे लिहिलंय ते तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तिथे फाइल्स पॅकेजमध्ये जातात, डब्ल्यूससमध्ये फक्त माहिती असते.

'डिस्क वाढवा' हे नेहमीच चूक असतं असंही नाही. २०२३ पासून विंडोज ११ ची अपडेट्स यूयूपी (युनिफाइड अपडेट प्लॅटफॉर्म) या नव्या पद्धतीने यायला लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच दर आवृत्ती आणि दर आर्किटेक्चरमागे सुमारे १० जीबी जास्तीची जागा धरायला सांगितलं होतं. तेवढी द्या. पण ऑटो-अप्रूव्हल आणि ड्रायव्हर्सची टिक तशीच ठेवून डिस्क वाढवणार असाल, तर नवी डिस्कही भरेल. ड्रायव्हर्सची नुसती माहितीच हजारोंनी येते आणि डेटाबेस फुगवते. अप्रूव्ह केले की फाइल्सही येतात. एखाद्या मॉडेलला खरंच ड्रायव्हर लागला तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून तेवढा एकच इम्पोर्ट करता येतो. "सगळं असू दे, कधीतरी लागेल" असं तुमच्याकडचं कुणी म्हणालं, तर पुढच्या वेळी क्लीनअप त्यालाच करायला लावा.