सोमवार शिवराक

चोडण, सोमवार रात्र

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री पावणेदोनला आला होता, मी सकाळी फेरीबोटीत वाचला. ‘मावशी, एमबीए करू की नोकरी शोधू? दोन्ही एकदम जमत नाही. गुरुवारी वेर्ण्याला मुलाखत आणि त्याच दिवशी मिड-टर्म.’ पावणेदोनला विचारलेल्या प्रश्नाला पावणेदोनचंच उत्तर सुचतं, की काहीतरी एक सोडून द्यावं. म्हणून लगेच काही लिहिलं नाही. आता जेवणं आटोपली आहेत, तुझे काका बातम्या बघताहेत, निवांत लिहिते.

गुरुवारचं शेवटी सांगते. आधी माझी फजिती ऐक. तुझ्या आईला ती ठाऊक आहे, पण तिनं तुला सांगितली नसणार.

1999 साली मी तुझ्याच जागी होते. ताळगावच्या त्याच पठारावर, गोवा विद्यापीठात, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला. कोकण रेल्वे आदल्याच वर्षी पुरती सुरू झालेली, त्यामुळे मुंबई एकदम उशापाशी आल्यासारखी वाटायची. करमळीला रात्री कोकणकन्येत चढायचं, सकाळी दादरला उतरून मुलाखत द्यायची, रात्री परत गाडी. दोन महिन्यांत तीन वेळा गेले. वर्ग बुडाले, पण मैत्रिणीच्या वह्या झेरॉक्स करून पिशवीत भरल्या की अभ्यास झाला अशी माझी समजूत. तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘एक कंपनी गिऱ्हाइकांना साठ दिवसांची उधारी देते आणि माल पुरवणाऱ्यांना तीस दिवसांत पैसे चुकते करते. विक्री दरमहा वाढतेय. मग बँकेत खडखडाट का?’ मी छातीठोकपणे सांगितलं की विक्री वाढली म्हणजे पैसा वाढणारच, कुठंतरी अफरातफर असेल. ते हसले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मुलाखतीत असा मधेच चहा आला की समजावं, आपलं काम झालं. खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकणाऱ्या पैशांचा, तो धडा आमच्या सरांनी नेमका त्याच आठवड्यात शिकवला होता, आणि त्याची झेरॉक्स माझ्या पायापाशी पिशवीत होती. परतीच्या गाडीत ती काढून वाचली. रत्नागिरी येईपर्यंत सगळं कळलं होतं.

आता गेली बारा वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. औषधांच्या कारखान्यात, हिशेबाच्या खात्यात. नवी पोरं घेताना आम्ही काय बघतो ते तुला आतल्या गोटातलं म्हणून सांगते. गुणपत्रिका चाळतो, ती ठीक असली म्हणजे पुरे. मग एकच विचारतो: दोन वर्षांत शिकलात त्यातलं काहीतरी आमच्या धंद्याला लावून दाखवा. बहुतेक पोरं इथं गळतात. त्यांना व्याख्या येतात, पण बाटलीतल्या गोळ्या आणि पुस्तकातली व्याख्या यांची गाठ त्यांनी कधी घालून दिलेली नसते. मागं एक मुलगा आला होता. त्यानं वर्गातल्या असाइनमेंटसाठी आपल्या गावातलं औषधांचं दुकान घेतलं होतं. कुठलं औषध किती दिवस फळीवर पडून राहतं, मुदत संपत आलेला माल परत कसा जातो, त्यात दुकानदाराचे किती पैसे अडकतात. दहा मिनिटं बोलला. इंग्रजी यथातथाच होतं. आम्ही त्याला घेतलं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे बाय. तू अभ्यासाचे तास आणि नोकरीचे तास असे दोन गठ्ठे करून बसली आहेस, आणि एकातून काढून दुसऱ्यात घालतेस. त्यातले निम्मे तास मुळात एकच आहेत. सर म्हणाले ‘कुठलीही कंपनी घ्या’, की वर्गातली पोरं पुस्तकातलीच अमेरिकन कंपनी उचलतात, कारण तिची आयती माहिती मिळते. तू जिथं अर्ज करणार असशील ती कंपनी घे. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट असतो. व्यवस्थापनाचं निवेदन वाच, कुठल्या विभागातून किती उत्पन्न येतं ते बघ, आणि हिशेबाखालच्या टिपा वाच. टिपा कोणी वाचत नाही, पण खरं तिथंच लिहिलेलं असतं. एकदा वाचलेला अहवाल असाइनमेंटला लागतो, अर्जासोबतच्या पत्राला लागतो, आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात तेव्हाही लागतो.

अहवाल वाचण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा तू लहान होतीस. डिचोली, साखळी, कुडचडे इथं बार्जवाले, ट्रकवाले होतेच, पण आमच्यासारखे कार्यालयात बसणारेही घरी बसले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. माझी पहिली तेरा वर्षं त्या धंद्यात गेली. पगार चांगला होता, आणि कंपनीचा पैसा नेमक्या कुठल्या एका दोरीला टांगलाय हे मी कधी तपासलं नव्हतं. मी, जी दर तिमाहीला ताळेबंद बनवत होते! तेव्हा मुलाखतीला जाण्याआधी एवढं शोध: या कंपनीचा पैसा कुठून येतो, आणि तो झरा आटला तर पुढं काय.

हंगामाचंही बघ. नोकरीचा शोध बारा महिने सारख्या जोरानं चालवायचा नसतो. पहिल्या वर्षी समर इंटर्नशिपची धावपळ, मग उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे प्रत्यक्ष काम, मग दुसऱ्या वर्षी कॅम्पसवर कंपन्या येतात तेव्हाची लाट. हॉटेलवाले पावसाळा सरत आला की माणसं शोधू लागतात, कारण ऑक्टोबरपासून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. लाटांच्या मधे सपाट पाणी असतं, तेव्हा अभ्यास पुढं ओढून ठेवायचा. तू सपाट पाण्यातही हातपाय मारत बसलीस, म्हणून आता लाट आली तेव्हा दमली आहेस. गेल्या महिन्यात ऐंशी ठिकाणी अर्ज केलेस म्हणून सांगत होतीस. एकच सीव्ही ऐंशी जणांना? त्यापेक्षा दहा अर्ज कर, पण त्या दहा कंपन्यांबद्दल तुला प्रत्येकी पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. आणि एक साधी वही कर. कुणाला लिहिलं, कधी, काय उत्तर आलं, पुन्हा कधी विचारायचं. मोबाइलमधल्या ॲपचं कौतुक मला सांगू नकोस, वहीच कर.

जुन्या विद्यार्थ्यांना लिहायला लाजू नकोस. गोवा केवढा? ज्याला ओळखत नाहीस त्याच्या मावसभावाला तुझी आई ओळखत असते. पण पहिल्याच ओळीत ‘तुमच्याकडे नोकरी आहे का’ असं विचारू नये. ‘तुमच्या खात्यात नव्या माणसाचा पहिला महिना कसा जातो, पंधरा मिनिटं बोलाल का?’ असं विचार. माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं, आणि बोलता बोलता तोच विचारतो, तुझं काय चाललंय.

प्लेसमेंट कमिटीत जाऊ का, असंही विचारलं होतंस. जाऊ नकोस. पाहुण्यांच्या गाड्या आणि जेवणाची ताटं मोजण्यात तुझं वर्ष जाईल.

कॅम्पसचे नियम मात्र छापून भिंतीला लाव. पुष्कळ ठिकाणी एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो. पहिल्या ऑफरला हो म्हटलं की पुढच्या कंपन्यांचं दार बंद. म्हणजे जिथं जायचंच नाही तिथं ‘सरावाला’ बसणं महागात पडतं. दुसरं, ऑफर लेटर शेवटपर्यंत वाच. अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाला तरच नेमणूक, असं कलम त्यात बहुधा असतं. आमच्याकडेच एका मुलीचा एक पेपर राहिला आणि तिचं रुजू होणं लांबलं. नोकरी मिळाली म्हणून शेवटच्या सत्राकडे पाठ फिरवणाऱ्यांना हे कलम उशिरा दिसतं.

आता पैशांचं. तुमच्या ग्रुपवर आकडे फिरतात, अमक्याला नऊ लाख, तमक्याला बारा. नऊ लाख सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा, हिशेब मी तुला मांडून दाखवते. त्यात समजा पंधरा टक्के व्हेरिएबल, कामगिरी बघून देतात तो भाग, म्हणजे 1,35,000. मिळालं तर मिळालं. मूळ पगार समजा निम्मा, 4,50,000. त्याच्या 12 टक्के कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, 54,000, आणि 4.81 टक्के ग्रॅच्युइटी, 21,645. हे दोन्ही सीटीसीत धरलेले असतात, हातात येत नाहीत. व्हेरिएबलसकट तिन्ही वजा केले की उरले 6,89,355. त्यातून तुझा स्वतःचा निधीचा वाटा आणखी 54,000 गेला. बाराने भाग, महिन्याला 53 हजारांच्या आत. प्राप्तिकर बसला तर तो वेगळा. याच पैशांत पुण्यात किंवा बंगळूरला खोलीभाडं दे आणि चोडणला घरी राहून वेर्ण्याला जाण्याचा खर्च शेजारी मांड. मी जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. बेरीज करून ठरव.

शैक्षणिक कर्जाची कागदं वडिलांकडून मागून घे आणि स्वतः वाच. हप्ता कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालू असतं. दहा लाखांवर दहा टक्के म्हटलं तरी वर्षाला एक लाख. हा आकडा माहीत नसला की माणूस भीतीनं पहिली मिळेल ती नोकरी धरतो. माहीत असला तर आपण किती महिने थांबू शकतो ते मोजता येतं. तुझ्या पावणेदोनच्या जागरणामागं निम्मी ही भीती आहे असा माझा अंदाज. चुकला असेल तर सांग.

वडील सरकारी नोकरीचं टुमणं लावतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढून ठेव, जाहिरात आली तर अर्ज कर. त्यांचं समाधान होईल आणि तुझा जेमतेम एक दिवस जाईल.

आज सोमवार, आमच्याकडे भाज्यांचं खतखतं होतं. तुझ्या काकांचा मासळीवाचून जीव जातो, पण सोमवारी ते कधी कुरकुरत नाहीत, कारण त्या दिवशी ठरवायचं काही नसतंच. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, विषय संपला. मंगळवारी मात्र ‘आज मासे नकोत, महाग आहेत’ म्हटलं तर तासभर चर्चा. तू रोज सकाळी उठून नव्यानं ठरवतेस, आज अभ्यास की अर्ज, आणि त्या ठरवण्यातच अर्धी दमतेस. तेव्हा वार बांधून घे. मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ नोकरीची, दोन-दोन तास. अर्ज, फोन, वही, सगळं त्यात. सोमवार मात्र शोधाचा शिवराक. त्या दिवशी लिंक्डइन उघडायचं नाही, कुणाला कुठं किती मिळाले ते ऐकायचं नाही. कॅम्पसची लाट येईल तेव्हा आठवडा मोडेल, मोडू दे. चवथीला नाही का आपण सगळंच मोडतो? लाट ओसरली की परत वार लावायचे. मी मुंबईच्या फेऱ्या मारत होते तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

आता गुरुवार. मिड-टर्मला बस. उद्या सकाळी दहाच्या आत त्या कंपनीला मेल कर, आणि मेल लहान ठेव. असं लिही: ‘गुरुवारी माझी विद्यापीठाची परीक्षा आहे. मुलाखत देण्याची माझी मनापासून इच्छा आहे. शुक्रवारी कधीही किंवा गुरुवारी दुपारी चारनंतर येऊ शकेन.’ आजारपणाची सबब सांगू नकोस, तीन वेळा माफी मागू नकोस. आमच्याकडे अशी मेल आली की आम्ही बहुतेक वेळा दिवस बदलून देतो. परीक्षा सोडून आलेल्या मुलीपेक्षा परीक्षा सांगून आलेली मुलगी बरी वाटते. त्यांनी नाहीच म्हटलं, तर वहीत तारीख घालून लिहून ठेव आणि पुढच्या नावाकडे वळ. तेरा मिनिटं रडलीस तरी चालेल.

रविवारी घरी ये. नवी रो-रो फेरीबोट झाल्यापासून रायबंदरच्या धक्क्यावर पूर्वीसारखं तिष्ठत बसावं लागत नाही. सीव्ही, वही आणि कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन ये, एकत्र बघू. सुंगटं चांगली मिळाली तर हुमण करते.

तुझी,
मावशी

ता. क. उधारीच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुला आलं का? रविवारी विचारणार आहे.