वाचकांचे प्रश्न : लंबकाचा पाळणा आणि उंचीची खूण

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन एका मनोरंजन उद्यानात गेलो होतो. तिथे लांब दांड्याच्या टोकाला गोल तबकडी असलेला, झोके घेता घेता तबकडीसह फिरणारा पाळणा होता. चौदा वर्षांचा मुलगा त्यात दोनदा बसला. ‘सगळ्या जागा भरलेल्या असताना झोका संथ होता’, असे तो म्हणतो. हे खरे का? वर गेल्यावर पोटात गोळा का येतो? धाकटी मुलगी उंचीच्या खुणेला दोन सेंटिमीटर कमी भरली म्हणून कर्मचाऱ्याने तिला परत पाठवले आणि ती घरी येईपर्यंत रडत होती. तेवढ्याने काय बिघडले असते?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुलाच्या म्हणण्याची परीक्षा घरीच घेता येईल. झाकणाचा स्टीलचा डबा दाराच्या चौकटीला दोरीने असा टांगा, की चौकटीपासून डब्याच्या मध्यापर्यंतचे अंतर एक मीटर भरेल. त्याला लहानसा झोका देऊन दहा झोके मोजले, तर सुमारे वीस सेकंद लागतात. आता तोच डबा तांदळाने गच्च भरून पुन्हा मोजा; वेळ तेवढाच येईल. झोक्याचा काळ लंबकाच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही, कारण वजन वाढले की खाली ओढणारे बल वाढते आणि हलवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. दांडा दहा मीटरचा धरला, तर लहान झोक्याला सव्वासहा सेकंद लागतात आणि दांडा दोन्ही बाजूंना आडवा होईपर्यंत झोका गेला, तर साडेसात. मुलाला जाणवलेला फरक मात्र खोटा नसावा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पितळी कड्यांच्या झोपाळ्यावर एकाऐवजी चौघे बसले की झोका चढायला पायाने जास्त रेटे द्यावे लागतात. या पाळण्यातही मोटर झोक्याच्या तालावर थोडा थोडा रेटा देत उंची वाढवते, आणि भरलेली तबकडी पूर्ण उंचीला पोहोचायला वेळ लागू शकतो.

पोटातल्या गोळ्याचे उत्तर मला सर्वांत सुंदर वाटते. झोका एका टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो, तेव्हा आसन आपल्याला किती रेटते, हे फक्त कोनावर अवलंबून असते. दांडा सरळ खाली लोंबणाऱ्या स्थितीपासून साठ अंशांवर असेल तर आपले वजन निम्मे जाणवते आणि बरोबर आडवा असेल तर शून्य. त्या क्षणी आपण आसनासह मोकळे पडत असतो. एरवी खालून आधार मिळणारे जठर आणि आतडी हलकी होतात आणि तोच तो गोळा. तिथून खाली येताना तबकडी ताशी सुमारे 50 किलोमीटरचा वेग घेते आणि तळाशी वजन तिप्पट भासते. चाळीस किलोच्या मुलाला आसन 120 किलोइतक्या जोराने रेटते. दांडा दहा मीटरचा असो वा वीसचा, हे तिप्पट बदलत नाही. वेग तेवढा वाढतो. तबकडीच्या फिरण्याने वजनात फारशी भर पडत नाही, मात्र आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिका गोंधळतात आणि मळमळ होते. डोके मागे टेकवून मान न वळवता बसल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वजनाची ही चढउतार दांड्यालाही सोसावी लागते. प्रत्येक झोक्यात दोनदा ताण तिपटीवर जातो आणि दोनदा उतरतो. दिवसभराच्या फेऱ्या धरल्या तर असे हजारो हिसके. धातू अशानेच थकतो आणि तड अनेकदा रंगाखाली किंवा पोकळ तुळईच्या आत लपलेली असते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या जत्रेत 26 जुलै 2017 रोजी अशाच पाळण्यातील आसनांचा एक भाग तुटून अठरा वर्षांचा तरुण दगावला. आधार देणारी तुळई आतून गंजून पातळ झाली होती, असे पाळणा बनवणाऱ्या कंपनीनेच नंतर सांगितले. अहमदाबादच्या कांकरिया भागात 14 जुलै 2019 रोजी लंबकाचा पाळणा कोसळून दोघांचा मृत्यू झाला आणि वीसहून अधिक जण जखमी झाले. म्हणून बाहेरून रंग ताजा दिसतो यावर समाधान मानू नये; सांधे आणि तुळया आतून, अल्ट्रासॉनिक (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी आतली तड शोधणाऱ्या) यंत्राने, अखेरच्या कधी तपासल्या, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो बजावताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या लेकीविषयी. बरेच पाळणे आडव्याच्याही वर, 120 अंशांपर्यंत जातात. तिथे आसन आपल्याला उचलत नाही. उलट शरीराचे निम्मे वजन खांद्यावरच्या दांड्यावर लोंबकळते. तो दांडा ठरावीक उंचीच्या खांद्यांना चपखल बसेल असा बनवलेला असतो. खांदे खाली राहिले की मधे फट पडते, आणि झोक्याच्या हिसक्यात लहान शरीर त्या फटीतून सरकू शकते. पट्टीवर दोन सेंटिमीटर किरकोळ दिसतात, पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि समोर रडणारे मूल व नाराज पालक असताना तिच्यावर ठाम राहणे सोपे नसते. त्या कर्मचाऱ्याने आपल्या मुलीची काळजी घेतली. हे तिला डबा आणि दोरी घेऊन समजावून सांगा. उंची भरल्यावर पहिल्या फेरीला तिच्या शेजारी आपण बसा.