सकाळी ठकठक, दुपारी ‘नॉर्मल’

निफाडहून एका शिक्षक वाचकांनी विचारले आहे : साडेअकरा लाखांची पेट्रोल गाडी, वॉरंटी संपायला दोन महिने उरलेत. डिसेंबरपासून सकाळी पहिला स्टार्टर मारला की इंजिनातून ठकठक आवाज येतो आणि दीड-दोन मिनिटांत विरतो. नाशिकच्या वर्कशॉपने तीनदा ‘नॉर्मल आहे’ म्हणत गाडी परत दिली. मधे एकदा गावातल्या मेकॅनिककडून ऑइल बदलले, म्हणून ‘वॉरंटी गेली’ असेही तोंडी सांगतात. नवी गाडी मागता येईल का? तोवर बँकेचे हप्ते थांबवू का?

हप्ते अजिबात थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, इंजिनाशी बँकेला घेणेदेणे नाही. हप्ता चुकला की सिबिल तुमचे बिघडेल, डीलरचे नाही.

आता आवाजाकडे. तुमची खरी अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. निफाडहून नाशिकला पोहोचेपर्यंत इंजिन चांगले तापते. आवाज घरीच राहतो आणि गाडी तेवढी वर्कशॉपला जाते. तिथल्या माणसाला काही ऐकू आले नाही, हे त्याचे म्हणणे खरेही असेल!

मी मेकॅनिक नाही, पण अशी प्रकरणे चालवून थोडे कळू लागले आहे. आवाज दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर बहुधा ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो किंवा टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल असतो. तुमच्यासारखा, इंजिन तापता तापता विरणारा आवाज पिस्टन आणि सिलिंडरमधल्या जास्तीच्या फटीचा असू शकतो. धातू तापून फुगला की फट भरते. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेटही असू शकतात. मात्र गरम इंजिनातही खोल ठोके येत राहिले, एक्सलरेटर दाबल्यावर वाढले, तर बेअरिंगची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. यातला प्रकार कोणता, यावरच तुमची केस उभी राहील. नुसता आवाज म्हणजे कायद्यातला ‘दोष’ नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) प्रमाणे वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात उणीव आहे, हे दाखवावे लागते.

म्हणून चौथ्यांदा गाडी द्याल ती संध्याकाळी द्या. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन ग्राहकासमोर सुरू करावे; ऑइल प्रेशर आणि कॉम्प्रेशन तपासून आकडे नोंदवावेत.’ सर्व्हिस ॲडव्हायझर टाळाटाळ करू लागला तर हाच मजकूर त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. वॉरंटीच्या मुदतीत लेखी तक्रार नोंदलेली असणे फार महत्त्वाचे. घरच्या व्हिडिओत आधी टेम्परेचर गेज किंवा थंड इंजिनाची खूण, मग स्टार्टर, असे न तोडता चित्रण करा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

बाहेरच्या ऑइलने वॉरंटी आपोआप जात नाही. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 च्या आदेशात वाहन कंपन्यांना बजावले होते की बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. त्या चुकीच्या कामाने जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर पुढे अपिले झाली, तेव्हा एकट्या त्या आदेशावर विसंबू नका. ऑइलचे बिल शोधा. मॅन्युअलमधला ग्रेड आणि बिलावरचा ग्रेड जुळला तर तुमची बाजू बरीच भक्कम झाली. जुळला नाही तर मात्र ही गोष्ट लपवू नका, वकिलाला आधीच सांगा. ‘वॉरंटी गेली’ हे वाक्यही लेखी मागा. तोंडी बोलणारे बरेच जण लिहिताना माघार घेतात.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस द्या, 15 दिवसांची मुदत पुरे. मग नाशिक जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही तिथे राहता म्हणून तक्रार तिथे चालते. तुमच्या रकमेला शुल्क 400 रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली वस्तूची तपासणी मागता येते. तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, तरी तपासणीचा अर्ज पहिल्याच सुनावणीला द्या.

नवी गाडी? मागायला हरकत नाही, पण पर्यायी मागणी जोडल्याशिवाय नको. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून अख्खी गाडी बदलण्याऐवजी सदोष भाग बदलण्याचा मार्ग धरला होता. तेव्हा ‘इंजिन दुरुस्ती किंवा बदल, त्यावर वाढीव वॉरंटी आणि नुकसानभरपाई’ ही मागणी स्पष्ट लिहा. अनुभवाने सांगते, पदरात पडते ती बहुधा हीच.

आणि लवकर हला. फेब्रुवारी सरला की निफाडची थंडी ओसरेल, आवाजही कमी होईल, आणि तपासणीचा अर्ज पुढच्या डिसेंबरपर्यंत लोंबकळेल.