नर-मादी पक्षी एकत्र का गातात? प्रेमापोटी?

काही पक्ष्यांत नर व मादी सुरात सूर मिसळून गातात ते प्रेमापोटी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यात प्रेमापेक्षा जागेच्या मालकीचा भाग मोठा आहे.

नाशिकला आमच्या घरामागच्या नाल्याकाठी भारद्वाजाची एक जोडी बारा महिने असते. एक पक्षी बाभळीवरून ‘कूप-कूप-कूप’ असा घुमू लागतो आणि तो थांबण्याआधीच बांबूच्या बेटातून त्याहून खर्जातला आवाज उठतो. तो मादीचा, या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते. कितीतरी वर्षे मी हा एकाच पक्ष्याचा आवाज समजत होतो.

युगुलगान उष्ण प्रदेशांत अधिक आढळते, म्हणून त्याचे कारण हवामानात शोधले जाई. परंतु 10,000हून अधिक जातींची माहिती पडताळून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवामानापेक्षा वर्षभर राखलेली हद्द आणि दीर्घकाळ टिकणारी सोबत यांच्याशी त्याचा संबंध अधिक घट्ट दिसला. जिथे स्थलांतर नाही, तिथे तीच जागा तीच दोघे वर्षानुवर्षे राखतात आणि घुसखोराला हाकलण्यात मादीचाही तितकाच स्वार्थ असतो. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्क या पक्ष्यात जुन्या जोड्यांचा ताल नव्या जोड्यांपेक्षा नेमका जुळतो आणि असे नेमके गाणे शेजाऱ्यांना अधिक धोक्याचे वाटते. कसलेल्या जोडीशी कोण भांडेल?

मादी मुळात गात नसे व युगुलगानासाठी ती गायला शिकली, ही समजूतही सोडावी लागते. 2014 सालच्या एका अभ्यासात तपासलेल्या गायक पक्ष्यांच्या 71 टक्के जातींत मादी गाताना आढळली आणि त्यांच्या समान पूर्वजातही ती गात असावी असा निष्कर्ष निघाला. म्हणजे काही वंशांत तिचे गाणे पुढे लोपले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आता आपल्याच जिल्ह्यातला आक्षेप. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे करकोचे तर लांबचे प्रवासी, तरी त्यांच्या जोड्या एकत्र साद घालतात. करकोच्यांची सोबत मात्र वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा एकाच जागी राहणे ही एकमेव अट नव्हे. त्यांच्याच कुळातल्या सारसांविषयी 2022 साली भारतातून आलेली नोंद मला याहून बोलकी वाटते: क्वचित जोडीऐवजी तिघांचे कुटुंब बनते, आणि तिथे तिसराही आपली पाळी साधून सुरात सूर मिसळतो.