मत नसलेला खासदार करतो काय?

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त वॉशिंग्टन डी.सी.त राहते. तिथला लोकप्रतिनिधी संसदेत बसतो, बोलतो, पण त्याला मत नाही, असं ती सांगते. खरं का? मग त्याचा उपयोग काय? आपल्या लक्षद्वीपच्या खासदाराचंही तसंच आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खरं आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मताधिकार असलेले ४३५ सदस्य, आणि शिवाय सहा बिनमताचे : डी.सी., ग्वाम, अमेरिकन सामोआ, व्हर्जिन आयलंड्स, नॉर्दर्न मारियाना आणि पोर्तो रिको यांचा प्रत्येकी एक. मुदत दोन वर्षं; पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीची तेवढी चार. सेनेटमध्ये यांचं कुणीच नसतं. प्रतिनिधिगृहाचे सदस्य हे राज्यांमधल्या जनतेनं निवडायचे, असं तिथली घटना म्हणते आणि हे प्रदेश राज्यं नाहीत. सगळी मेख इथेच आहे.

उपयोग मात्र आहे, आणि तो समित्यांत. विधेयकाची खरी काटछाट तिथेच होते आणि तिथे या प्रतिनिधींना पूर्ण मत असतं. ते विधेयक मांडू शकतात, सभागृहात बोलू शकतात. सभापतीच्या निवडीत आणि विधेयकाच्या अंतिम मतदानात मात्र हात बांधलेले.

मधला एक टप्पा गमतीचा आहे. दुरुस्त्यांसाठी संपूर्ण सभागृहच समिती म्हणून बसतं. तिथे यांना १९९३ मध्ये मत मिळालं, १९९५ मध्ये गेलं, २००७ मध्ये परत आलं, २०११ मध्ये पुन्हा गेलं, २०१९ मध्ये पुन्हा आलं. देणारे डेमोक्रॅट, काढून घेणारे रिपब्लिकन. सभागृहाचे नियम दर दोन वर्षांनी नव्यानं मंजूर होतात, म्हणून हा खेळ. त्यातही अट अशी, की यांच्या मतांमुळे निकाल फिरला, तर यांना वगळून पुन्हा मतदान! म्हणजे मत चालतं, पण निकाल बदलत नाही तोवरच. आमच्या मते ही निव्वळ समजूत काढणं झालं. १९९४ मध्ये अपील न्यायालयानं हा नियम टिकवला, तोही याच अटीच्या आधारावर.

डी.सी.तल्या नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मात्र मत आहे. १९६१ च्या २३व्या घटनादुरुस्तीनं ते दिलं. पोर्तो रिकोत राहणाऱ्याला तेही नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मतदार होतो.

लक्षद्वीपचं तसं नाही. आपल्या घटनेच्या ८१व्या कलमानं केंद्रशासित प्रदेशांना लोकसभेत जागा दिल्या आहेत आणि त्या खासदारांचं मत इतरांइतकंच पूर्ण. १९६७ पूर्वी लक्षद्वीपचा खासदार नेमला जायचा, तेव्हापासून निवडून येतो. राज्यसभेत मात्र लक्षद्वीप, अंदमान, चंडीगड, लडाख यांना जागा नाही.

आपल्या संसदेत बोलता येतं पण मत नाही, असा माणूस म्हणजे ॲटर्नी जनरल (कलम ८८). आणि पुण्यातच बघायचा असेल, तर महापालिकेतला स्वीकृत नगरसेवक : सभेत बसतो, बोलतो, पण कलम २४३-आर प्रमाणे त्याला सभेत मताचा अधिकार नाही. फरक इतकाच, की तो नेमलेला असतो, डी.सी.चा प्रतिनिधी लोकांनी निवडून दिलेला असूनही बिनमताचा.