कापडी लॅम्पशेड: पाणी लावण्याआधी आतून बघा

ताई, सासूबाईंच्या वेळच्या टेबललॅम्पची क्रीम रंगाची शेड काळपट पडली आहे, वरच्या कडेला तपकिरी डाग आहे, आणि कुणीतरी व्हिनेगरचं पाणी फवारून पुसायला सांगितलंय, तर तसं करू का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून फवारू नका. शेडवर वर्षानुवर्षांची कोरडी धूळ बसलेली असते. तिच्यावर पाण्याचे थेंब पडले की तिचा चिखल होतो आणि तो विणीत शिरतो. वर जिथपर्यंत ओल पोचते, तिथे वाळताना पिवळट कडा उमटते. ही कडा धुळीपेक्षा कितीतरी चिवट. अर्धवट ओलं करणं हाच शेडचा खरा शत्रू आहे. एक तर पूर्ण कोरडी साफ करायची, नाहीतर पूर्ण बुडवून धुवायची.

यातलं काय करायचं, हे कापड सुती आहे की रेशमी एवढ्यावरून ठरत नाही. शेड बांधलीय कशी, हे आधी बघावं लागतं. प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या, शेड उतरवा आणि उजेडात धरून आतून बघा. आत गुळगुळीत पांढरा प्लास्टिकचा पत्रा दिसला, नखाने टिचकी मारल्यावर टक्क वाजलं, तर कापड त्या पत्र्यावर चिकटवलेलं आहे. हल्ली दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोल, सरळसोट शेड अशाच असतात. त्या कधीही बुडवायच्या नाहीत. गोंद सुटतो, कापडाला फुगे येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. आत कापडी अस्तर असेल, तारेच्या सांगाड्याभोवती सुईचे टाके दिसत असतील, तर ती शिवलेली शेड. तुमची जुनी आहे म्हणजे शिवलेली असण्याची शक्यता बरीच आहे, पण बघून खात्री करा. कडेची लेस किंवा गोंडे नुसते चिकटवलेले असतील, तर धुताना तेही सुटतील.

कोरडी सफाई मात्र दोन्हींना करायचीच. रंगकामाचा दोन इंची मऊ, कोरा ब्रश घ्या. वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने. चुण्यांची शेड असेल तर प्रत्येक चुणीत ब्रशचं टोक घालून खाली ओढायचं. वेळ लागतो, पण याला पर्याय नाही. मग आतली बाजू. पावसाळ्यात दिव्यावर आलेले किडे तिथेच मरून पडतात आणि उजेड लागला की त्यांचे ठिपके बाहेरून दिसतात. ते चिरडू नका, ब्रशने उचलून टाका. पत्र्याच्या शेडवर कपड्यांचे केस काढायचा चिकट रोलरही छान चालतो. जुन्या रेशमावर तो अजिबात फिरवू नका, धागे उपटले जातात. तेलकट बोट लागलं असेल, तर त्या जागी शंखजिऱ्याची पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.

एवढ्यानेच बहुतेक शेड उजळतात. तुमची नाहीच उजळली आणि ती शिवलेली असेल, तर धुण्याआधी तीन गोष्टी तपासा. आतल्या कोपऱ्यात पांढरा सुती बोळा ओला करून दाबा. रंग उतरला तर थांबा. सांगाड्याची तार बघा. गंज असेल तर थांबा, कारण गंजाचा डाग कापडात उतरला की निघता निघत नाही. रेशीम असेल तर उजेडासमोर धरा. बारीक चिरा दिसल्या तर थांबा. उजेडाने आणि उष्णतेने रेशीम आतून कुजतं, मग ते स्वतःचं ओलं वजनही पेलत नाही.

तिन्ही ठीक असेल तर मोठ्या टबात गार पाणी घ्या. त्यात रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा लोकर-रेशमाचं सौम्य लिक्विड, थोडंसंच. वरची कडी धरून शेड उभी बुडवायची आणि सावकाश वरखाली करायची. घासायचं नाही, पिळायचं नाही. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. फेस जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात काढा, पंच्याने टिपा, दोरीला टांगा आणि लगेच पंखा लावा. ऊन नको. घाई कापडापेक्षा तारेसाठी आहे, कारण रंग उडालेली तार ओली राहिली की गंजते. म्हणूनच जुलैत हा उद्योग करू नका. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात, दिवाळीच्या साफसफाईत करा.

आता तो तपकिरी डाग. तो बल्बच्या बरोबर वर असेल, तर तो मळ नाही, कापड भाजलेलं आहे. जुन्या ६० वॅटच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि ती वर चढते. हा डाग कशानेही निघणार नाही आणि तिथे घासलं तर भोक पडेल. ती बाजू भिंतीकडे फिरवा आणि ९ वॅटचा एलईडी लावा. उजेड साधारण तेवढाच पडतो आणि पुढचं भाजणं थांबतं.

तागाची शेड असणाऱ्यांसाठीही सांगते, कारण हे नेहमी विचारलं जातं: तिला पाणी नकोच. ताग ओला झाला की तपकिरी रंग सोडतो. फक्त ब्रश.

रोजच्या वापरात शेड कापडाला धरून फिरवू नका, तारेला धरा. उदबत्ती आणि फोडणीचा धूर पोचतो तिथून दिवा लांब ठेवा, कारण त्या धुरातला चिकटपणा धुळीला धरून ठेवतो. पावसाळ्यात काढून ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडून बुरशी येते. जुन्या सुती साडीचा तुकडा सैल गुंडाळा.

शेडचा आतला एक फोटो टाका. टाके दिसतायत की पत्रा, ते बघून धुवायची की नाही हे नक्की सांगते.