स्टार्च पण ग्लुकोजचं आणि सेल्युलोज पण ग्लुकोजचंच, मग एक पचतं आणि दुसरं का नाही? आणि शरीर ग्लुकोज तसंच का साठवत नाही?

नेमक्या जागी बोट ठेवलंत. दोन्हींत ग्लुकोजशिवाय दुसरं काहीही नाही, फरक फक्त एक ग्लुकोज पुढच्याला कसं जोडलंय एवढाच आहे आणि सगळं त्याच्यावरच ठरतं.

ग्लुकोजची रिंग डोळ्यासमोर आणा. १ नंबरच्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) रिंगच्या खालच्या बाजूला असेल तर ते अल्फा, वरच्या बाजूला असेल तर बीटा. हा १ नंबरचा कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या ४ नंबरला जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. जोड अल्फा असला की साखळी वळत वळत जाते, तिची गुंडाळी होते, साधारण सहा ग्लुकोजला एक वेढा. हा झाला स्टार्चमधला अमायलोज. जोड बीटा असला की प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलटं बसतं, मग साखळी वळतच नाही, सरळसोट लांब जाते, आणि अशा सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की त्यांच्यात इतके हायड्रोजन बंध तयार होतात की पाणीसुद्धा आत शिरत नाही. एकटी काडी मोडते पण मोळी मोडत नाही, तसंच हे. म्हणून झाडाच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या, आणि कापूस तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज.

आता पचनाचं. एन्झाइम, म्हणजे रेणू तोडण्या-जोडण्याचं काम करणारं प्रथिन, हे जोडाचा आकार बघून काम करतं, साखर कुठली एवढंच बघून नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा जोड तोडतं, बीटा जोड त्याच्या खाचेत बसतच नाही, आणि बीटा जोड तोडणारं सेल्युलेज आपलं शरीर बनवत नाही. घरी करून बघता येईल असं आहे, पावाच्या तुकड्यावर आयोडिनचा थेंब टाका, निळाकाळा डाग पडेल, कारण आयोडिन त्या गुंडाळीच्या आत जाऊन बसतं. कापसावर टाकलं तर तपकिरी-पिवळंच राहतं, तिथे गुंडाळीच नाहीये. आणि दुसरा कोरा तुकडा (आयोडिनवाला नको!) बराच वेळ चावत राहिलात तर गोडसर लागायला लागतो, ते माल्टोज, म्हणजे स्टार्च तुटून सुटलेली दोन ग्लुकोजची साखर. गाय गवतावर जगते तीसुद्धा स्वतःच्या एन्झाइमवर नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडतात आणि त्यातून बनलेली आम्लं ती वापरते.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला कारण तो फार कमी जण विचारतात. यकृतातल्या पेशींमध्ये ग्लायकोजेनच्या (प्राण्यांमधली ग्लुकोजची साठवणीची, फांद्यांची साखळी) रूपात जेवढं ग्लुकोज असतं तेवढं सगळं सुटं विरघळवलं तर पेशीच्या आत त्याचं प्रमाण साधारण ०.४ मोलर (मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल) होईल, आणि बाहेर रक्तात ते असतं ०.००५ मोलरच्या आसपास. म्हणजे बाहेरचं पाणी धडाधड आत येईल आणि पेशी फुटेल. पण हजारो ग्लुकोज एकाच रेणूत बांधले की पाण्याच्या हिशोबाने तो एकच कण. साठा तेवढाच, दाब मात्र जवळजवळ नाहीच.

शिवाय ग्लायकोजेनला साधारण ८ ते १२ ग्लुकोजनंतर फांदी फुटते, स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनला (अमायलोजसोबतचा फांद्या असलेला भाग) २४ ते ३० नंतर. ग्लुकोज टोकाकडून सुटतं, त्यामुळे जितकी टोकं जास्त तितकं एका वेळी जास्त मोकळं होतं. प्राण्याला अचानक पळावं लागतं, स्नायूंना त्या क्षणी इंधन पाहिजे, झाडाला ही घाई नसते म्हणून त्याला कमी फांद्यांवर चालतं.

काइटिन पण बीटा जोडाचंच, फक्त ग्लुकोजच्या २ नंबरवर नायट्रोजनवाला गट असतो. कीटकांचं कवच आणि बुरशीची पेशीभित्तिका त्याची. बॅक्टेरियाच्या भित्तिकेत साखरेच्या साखळ्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या साखळीच्या) छोट्या तुकड्यांनी आडव्या बांधलेल्या असतात, पेनिसिलिन ते आडवं बांधकामच थांबवतं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, बऱ्याच नोट्समध्ये 'साठा आणि आधार' एवढं लिहून हा विषय संपवतात. ओळख पटवणं हे तिसरं काम तितकंच मोठं आहे. लाल रक्तपेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात, टोकाला एन-असिटिलगॅलॅक्टोसामाइन असेल तर ए गट, साधं गॅलॅक्टोज असेल तर बी, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असतील तर एबी आणि ही शेवटची साखर लागलेलीच नसेल तर ओ. ए आणि बी मधला फरक म्हणजे एका साखरेवरचा एक छोटा गट, आणि चुकीचं रक्त चढवलं तर अँटिबॉडी नेमका तेवढाच फरक ओळखतात आणि त्या पेशी फोडल्या जातात.